लिहिणारी एक, बघणारे सगळे

गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत ‘फॅमिली कॅलेंडर’ नावाची वस्तू आली आहे. नवऱ्याच्या, बायकोच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या फोनवर एकच कॅलेंडर. एकाने नोंद केली की सगळ्यांच्या फोनवर ती उमटते. ‘आमच्याकडे आता सगळं शेअर असतं हं,’ असं कौतुकाने सांगितलंही जातं. मला या ‘सगळं शेअर’बद्दलच बोलायचं आहे. शेअर करणं म्हणजे वाटून घेणं. मग या कॅलेंडरात नेमकं काय वाटून घेतलं जातं? काम, की काम झालं का हे बघण्याचा अधिकार? हा प्रश्न विचारताना मला फारसं कुणी दिसत नाही.

खरं म्हणजे सगळ्या घराचं मिळून एक कॅलेंडर ही आपल्याला नवी गोष्ट नाही. ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघालं आणि बघता बघता मराठी घराच्या भिंतीवर जाऊन बसलं. त्यावर काय छापलेलं असतं ते सोडा, त्या चौकोनांत हाताने काय लिहिलेलं असे ते आठवून बघा. दूध दीड लिटर. सिलिंडर लावला. भिशी दिली. मुलाची फी. धुणंवालीचा खाडा. आणि एखाद्या तारखेवर बारीकशी फुली, जिचा अर्थ घरातल्या बायकांना कळायचा आणि पुरुषांनी विचारायचा नसायचा. हे कॅलेंडर घरातल्या सगळ्यांना दिसे, आल्यागेल्यालाही दिसे. पण त्याला दोरीने बांधलेलं पेन हातात घेणारी एकच असे. सिलिंडर कधी लावला हे विचारणारे चारजण, आणि लिहून ठेवणारी एक.

त्या ‘खाडा’ शब्दाशी जरा थांबू या, कारण तिथे आपलंही अंग चोरून चालणार नाही. कामवालीच्या गैरहजेरीची नोंद मालकिणीच्या भिंतीवर, मालकिणीच्या हाताने. महिनाअखेरीस हिशोब त्या भिंतीवरून व्हायचा. तिच्या स्वतःच्या घरी तिची अशी नोंद क्वचितच असे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली, आणि पगाराबरोबर हक्काच्या रजेचीही गोष्ट सुरू झाली. आज मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर अ‍ॅप असतं. बाई आत आली की मालकिणीच्या फोनवर घंटी वाजते, महिन्याची हजेरी आपोआप तयार होते. ते पान कामवालीच्या फोनवर किती घरांनी उघडून दिलं आहे? कॅलेंडर कुणाचं आणि नोंद कुणाच्या जगण्याची, हा वर्गाचाही प्रश्न आहे, फक्त नवराबायकोचा नाही.

आता फोनमधल्या कॅलेंडरकडे वळू. ज्या मैत्रिणी ते वापरत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे कॅलेंडर फोनमध्ये नसतंच म्हणा ना. ते असतं खात्यात, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकावर. फोन ही त्याची नुसती खिडकी. ते खातं ज्या ज्या फोनवर, लॅपटॉपवर उघडलेलं असेल, त्या प्रत्येक खिडकीतून तेच दिसतं, आणि एका खिडकीतून खोडलं की सगळीकडून खोडलं जातं. याला सिंक होणं म्हणतात. एका कंपनीच्या कॅलेंडरला दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरातलं वाचता यावं म्हणून नोंदी लिहायची एक सामायिक पद्धत १९९८ साली ठरली, तिचं नाव आयकॅलेंडर. म्हणून एकीचा आयफोन आणि दुसरीचा साधा अँड्रॉइड असला तरी दोघींचं जमतं. गूगल कॅलेंडर २००६ साली आलं आणि जीमेलबरोबर ते घराघरांत पोचलं.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. आपल्या खात्यातलं कॅलेंडर दुसऱ्याला दाखवणं ही एक गोष्ट. त्यात किती दाखवायचं हे आपण ठरवतो. आणि एकच खातं दोघांच्या फोनवर उघडलेलं असणं ही अगदी वेगळी गोष्ट. तिथे परवानगीचा प्रश्नच येत नाही, सगळंच उघडं. बोलताना आपण दोन्हीला ‘शेअर’च म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. त्याकडे मी पुन्हा येईनच.

आधी लिहिणारीबद्दल. घरकाम म्हटलं की डोळ्यांपुढे भांडी, केर, पोळ्या येतात. पण त्या सगळ्याच्या आधी आणि नंतर डोक्यात जे चालतं त्याला आपल्याकडे धड नावही नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ साली या डोक्यातल्या कामाचे चार भाग मांडले: पुढे काय लागणार हे आधीच ओळखणं, त्यासाठीचे पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि ठरलं ते झालं का यावर लक्ष ठेवणं. त्यांना असं दिसलं की निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेतात, पण आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं हे दोन भाग प्रामुख्याने बायकांकडे राहतात. वाचताना हसूच आलं मला. आपल्या आजीला हे कुणी विचारलं असतं तर तिने भाकरी थापता थापता सांगितलं असतं!

गणपतीला गावी जायचं आहे असं धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे त्या सकाळी आठला कुणीतरी फोन घेऊन बसलं पाहिजे. त्याच्या आधी गणपती यंदा कोणत्या तारखेला हे बघायला हवं, मुलांच्या परीक्षा कधी ते शाळेत विचारायला हवं, सासूबाईंना खालची बर्थ मिळायला हवी, जाऊबाई येणार का हे त्यांच्या कलाने काढून घ्यायला हवं. एवढं सगळं झाल्यावर कॅलेंडरात एक ओळ पडते: ‘गावी जाणे’. ती ओळ सगळ्यांच्या फोनवर झळकते. आणि त्या दिवशी सकाळी सगळे तयार असतात, म्हणून वाटतं की कॅलेंडरने केवढं काम केलं!

कॅलेंडरमुळे एक नवीच तक्रार मात्र घरात आली आहे. पूर्वी नवरा विसरला तर निदान ‘विसरलो’ म्हणायचा. आता म्हणतो, ‘तू कॅलेंडरमध्ये टाकलं नव्हतंस.’ म्हणजे विसरण्याची जबाबदारीही तिचीच. पालकसभेला त्याने जायला हवं असेल तर सभा तिने लक्षात ठेवायची, नोंद तिने करायची, आठवणीची घंटी एक दिवस आधी आणि एक तास आधी अशी दोनदा तिने लावायची. मग तो जातो, आणि शाळेतल्या बाई म्हणतात, बाबा किती लक्ष घालतात हो!

सरकारी वेळवापर पाहणीचे आकडे याच्या शेजारी ठेवून बघा. २०१९ च्या पाहणीत घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बायका २८९ आणि पुरुष ८८. दोघांचंही थोडं कमी झालं. दोघांमधली तफावत २०२ मिनिटांवरून २०१ मिनिटांवर आली. पाच वर्षांत एक मिनिट. आणि हे आकडे जे घरकाम करतात त्यांचे आहेत. पुरुषांत असं काम करणारा चारातला एखादाच निघतो. ही पाहणी पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार अशी अर्ध्या अर्ध्या तासाने दिवस विचारते. बसमध्ये उभ्याने, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने फोनवर ‘बाबांची शुगर तपासणी’ लिहिणारी बाई त्या अर्ध्या तासात ‘प्रवास’ म्हणूनच मोजली जाण्याची शक्यता जास्त.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की घरात कॅलेंडर आणायचंच असेल तर नोंदी वाटून घेऊ नका, विषय वाटून घ्या. विजेचं बिल, गाडीचा विमा, मुलाचा दंतवैद्य असा एखादा अख्खा विषय आठवण्यापासून निस्तरण्यापर्यंत त्याच्याकडे. त्याची नोंद त्याने करायची. आपण विचारायचं नाही, आठवण द्यायची नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे गुपचूप करून टाकायचं नाही. सुरुवातीला म्हाताऱ्या माणसांची औषधं असल्या विषयात हा प्रयोग करू नये, ते कळतंच आहे. आमच्या गटातल्या एकीने विजेचं बिल सोडून दिलं. एका उन्हाळ्यात अर्धा दिवस घरात पंखा नव्हता. सासूबाई तिलाच बोलल्या. तिने ऐकून घेतलं आणि जागची उठली नाही. त्यानंतर ते बिल त्याच्या नोंदीत आहे.

आता बघणाऱ्यांबद्दल.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली होती. ओळख पटेल असं काही सांगत नाही. नवऱ्याचा मार होता, पैशाची अडवणूक होती, दोन मुलं होती. तिने फोनमध्ये एवढंच लिहून ठेवलं होतं: ‘वकील, ४ वाजता’. त्या संध्याकाळी घरी पोचली तर पहिला प्रश्न, ‘कसला वकील?’ त्याने काही चोरून बघितलं नव्हतं. तिचा फोन म्हणजे त्याचा जुना फोन. त्यावरचं खातं त्यानेच काढलेलं, आणि त्याच्याही फोनवर ते उघडलेलं. चारला पाच कमी असताना त्याच्या खिशात आपसूक घंटी वाजली होती. ती बाई त्यानंतर तीन महिने आली नाही.

आपल्या किती बायकांचं खातं त्यांनी स्वतः काढलेलं असतं? मुलगा काढून देतो, भाचा काढून देतो, दुकानदार काढून देतो. पासवर्ड त्याच्याकडेच. ‘आईला काय कळतंय त्यातलं,’ हे प्रेमाने म्हटलं जातं. पण घराची किल्ली आणि बँकेचं पासबुक स्वतःकडे असलं पाहिजे हे आपण शिबिरांतून इतकी वर्षं सांगत आलो, त्यात आता या खात्याची भर घालायला हवी. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर ते कोणकोणत्या फोनांवर उघडलेलं आहे याची यादी मिळते. प्रत्येक बचतगटात एकदा बसून ती यादी बघावी, इतकं ते सोपं आहे.

मात्र जिथे हिंसा आहे तिथे घाई नको. यादीत नवऱ्याचा फोन दिसला म्हणून तिथल्या तिथे तो काढून टाकला, तर ते बदललेलं त्याला कळतं, आणि मार खाणारी ती असते. आधी तिच्या सुरक्षिततेचं ठरवा. नवं खातं काढायचं तर बहिणीच्या किंवा केंद्राच्या फोनवर काढा, ज्या फोनला त्याचा हात लागत नाही अशा ठिकाणी. जुनं कॅलेंडर जसं आहे तसंच चालू राहू दे, त्यात दूध आणि फी दिसत राहू दे. नको असलेली नोंद नुसती खोडून भागत नाही हेही सांगावं लागतं: गूगल कॅलेंडरात खोडलेली नोंद सुमारे ३० दिवस कचरापेटीत राहते, आणि कचरापेटी उघडता येते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात किती तारखा पडतात ते केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणजे जपायच्या तारखा पुष्कळ, आणि त्या ठेवायला जागा नाही, अशी ती बाई असते.

जिथे मारहाण नाही, सगळं ‘चांगलं’ आहे, तिथेही बघण्याचा प्रश्न उरतोच. कॅलेंडर दाखवण्याच्या गूगलने चार पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीवर समोरच्याला एवढंच दिसतं की या वेळात ही बाई मोकळी आहे की व्यस्त. दुसरीवर सगळा तपशील दिसतो. तिसरीवर त्याला नोंदी बदलता येतात. चौथीवर आणखी कुणाला दाखवायचं हेही तो ठरवू शकतो. एखाद्या नोंदीवर ‘खाजगी’ अशी खूण करता येते, पण तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसवलेल्या माणसाला ती नोंदही वाचता येते. त्या खुणेवर विसंबून राहू नका.

मला या चारांत पहिली पायरी फार महत्त्वाची वाटते. नुसतं ‘व्यस्त’. कुठे, कुणाबरोबर, कशासाठी, काही नाही. पुरुषाला हे सहज मिळतं. ‘मी बाहेर आहे’ एवढं वाक्य त्याला पुरतं. बाईच्या वेळाला मात्र कारण जोडावं लागतं, आणि ते कारण समोरच्याला पटावंही लागतं. दवाखाना चालतो, भिशी चालते, देवदर्शन चालतं. मैत्रिणीकडे नुसतं बसायला गेले होते, हे चालत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. तो सरकारकडे मागता येतो. जेवायला बसल्यावर नवऱ्याकडे कसा मागायचा, ते आपल्याला शोधायचं आहे.

‘नवराबायकोत लपवायचं काय असतं?’ असं आपल्यातल्याही काहीजणी विचारतात. त्यांनी एकदा घरातली दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून पाहावीत. तिच्यात ‘पार्लर’, ‘आईकडे’, ‘डॉ., ५.३०’ असा अख्खा दिवस लिहिलेला असेल. त्याच्यात ‘मीटिंग’ एवढंच. दोघांनी सारखंच उघडं ठेवलं असेल तर माझा काही वाद नाही. रात्रीच्या एसटीने एकटीने फिरणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना आपण कुठे आहोत हे कुणालातरी माहीत असणं गरजेचंच असतं. पण ते कुणाला कळवायचं हे मी ठरवते, आणि घरी पोचल्यावर बंदही करते.

कचेऱ्यांतही हेच दिसतं. हिंजवडीला काम करणाऱ्या मैत्रिणी सांगतात, कॅलेंडरमध्ये जागा रिकामी दिसली की संध्याकाळी साडेसहाची मीटिंग येऊन पडते. पाळणाघर बंद व्हायची वेळ कॅलेंडरात नसते ना! बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी हा हक्क १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो ठेवला आहे. त्या वेळात रोजची नोंद करून ठेवा आणि वर लिहा ‘व्यस्त’. कुणी विचारलं तर कायद्याचं नाव सांगा.

पाळीच्या अ‍ॅपबद्दल दोन शब्द. भिंतीवरची ती बारीक फुली घराबाहेर जात नव्हती. अ‍ॅपमधली जाऊ शकते. ‘फ्लो’ नावाच्या पाळीच्या अ‍ॅपने वचन देऊनही बायकांची माहिती फेसबुक-गूगलसारख्या कंपन्यांकडे जाऊ दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला, आणि २०२१ साली ते प्रकरण समझोत्याने मिटलं. २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर कितीतरी बायकांनी अशी अ‍ॅप फोनमधून काढली. आपला कायदा वेगळा आहे. पण तारीख चुकल्याचं घरात इतरांना आधी कळणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलींना समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी आपल्या संघटनांकडे येते. आमच्या गटाने बैठका, शिबिरं, मोर्चे यांचं एक सामायिक कॅलेंडर केलं आहे, आणि त्याचा फायदा झाला हे मी मान्य करते. एकाच रविवारी दोन गटांची शिबिरं ठेवली जाणं थांबलं. परदेशात गेलेल्या मैत्रिणीला बैठकीची वेळ तिच्या घड्याळाप्रमाणे दिसते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात, तो गोंधळही आम्हाला सोडवावा लागत नाही. पण नोंदी कोण करतं? कार्यालयातली सगळ्यात तरुण, सगळ्यात कमी मानधनावरची मुलगी. घरातली श्रमविभागणी आपण दारातून बाहेर काढली तर ती कॅलेंडरमधून आत आली! आता नोंदींची पाळी दर महिन्याला बदलते, आणि ज्येष्ठ ताईंनाही ती चुकत नाही.

दुसरी गोष्ट तालुक्याच्या एका शिबिरात निघाली. प्रत्येकीने आपापले रिकामे वेळ कॅलेंडरात दाखवावेत म्हणजे कामं वाटता येतील, असं मी सांगत होते. मागून एकजण म्हणाली, ‘ताई, माझा वेळ रिकामा दिसला की तो कुणीतरी घेणारच की. घरातले घेतात, आता तुम्ही घ्याल.’ सगळ्या हसल्या, पण मुद्दा तिचाच खरा होता. पाणी भरणं, सासऱ्यांना जेवू घालणं हे कॅलेंडरात नसतं, म्हणून ती बाई आम्हाला मोकळी दिसते. तेव्हापासून आमच्याकडे कुणीही कुठलाही वेळ ‘व्यस्त’ म्हणून बंद करू शकते. कारण विचारायचं नाही. झोप असेल तर झोप.

आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशभरात जेमतेम ५४ टक्के निघाल्या. त्यातले सगळे फोन काही कॅलेंडर सिंक करणारे नव्हेत. आम्ही महिन्याचं पान छापून वस्तीत लावतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाळीची कार्यकर्ती फोन करून किंवा भेटून सांगते. याला वेळ लागतो. तो वेळही आता कॅलेंडरात लिहिलेला असतो.

एका बाबतीत आमच्यात अजून मतभेद आहेत. सल्ला केंद्रातल्या बायकांच्या तारखा या कॅलेंडरात ठेवाव्यात का? तरुण मैत्रिणी म्हणतात, नाव न लिहिता नुसता क्रमांक टाकू, आठवण वेळेवर होईल, तारीख चुकणार नाही. त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही, तारीख चुकल्याची किंमत त्यांनीही पाहिली आहे. पण कॅलेंडरला एक गुप्त दुवा असतो, आणि तो ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं वाचता येतं. आपल्यातून कुणी गट सोडते, कुणाचा फोन हरवतो, कुणाच्या फोनला घरातली पोरं हात लावतात. आसऱ्याच्या जागेचा पत्ता आणि त्या बायकांच्या तारखा जाड वहीत लिहाव्यात, वही कुलपात ठेवावी आणि किल्ल्या दोघींकडे असाव्यात, असं माझं मत आहे. येत्या बैठकीत यावर मत घेणार आहोत. तुमच्या केंद्रात काय करता ते त्याआधी लिहून कळवलंत तर बरं होईल.